हा वाणी कसा आहे?

आई कोथरूडला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे ती आता आठवड्यातून एकदाच खाली उतरते, तेही देवळापर्यंत. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तिचा महिन्याचा किराणा तीस वर्षं येत होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं दुकान बंद केलं. मुलगा नोकरीला लागला होता आणि गाळ्याला भाडं चांगलं मिळत होतं. मग मी आईच्या फोनवर किराणा घरपोच देणारं एक ॲप घेतलं, पत्ता भरला, पैसे कसे द्यायचे ते शिकवलं. सगळं नीट ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, "हा वाणी कसा आहे गं?"

"चांगला आहे. दहा-बारा मिनिटांत येतो."

"लवकर येतो ते कळलं. वाणी कसा आहे ते विचारतेय."

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः हे ॲप दोन वर्षं वापरत होते, तरीही. आईच्या लेखी वाणी चांगला म्हणजे काय, ते मला लहानपणापासून माहीत होतं. त्याचा काटा खरा असावा. वर ठेवलेला माल आणि पोत्याच्या तळचा माल एकच असावा. डाळीला किडे निघाले तर त्यानं न बोलता बदलून द्यावी. आणि वहीत लिहिलेला आकडा महिनाअखेर तोच राहावा. आईची ती वही अजून फडताळात आहे. वाण्यानं शेवटी लिहिलेलं 'जमा' आणि त्याखालची त्याची सही तिनं जपून ठेवली आहे.

त्यानंतरचे तीन महिने मी तीन वेगवेगळ्या ॲपवरून आलटूनपालटून सामान मागवलं, दोन घरांसाठी. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवला आणि आलेला प्रत्येक जिन्नस डायरीत टिपला. जे हाती लागलं ते इथे सांगते.

मुळात घरबसल्या किराणा मागवण्याची ही कल्पना तरुणांच्या घाईतून जन्मलेली नाही. इंग्लंडमध्ये गेट्सहेड नावाच्या गावी १९८४ साली तिथल्या नगरपालिकेनं वयामुळे किंवा आजारामुळे घराबाहेर पडता न येणाऱ्यांसाठी एक प्रयोग केला. मे महिन्यात जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या आजींनी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरून टेस्को या दुकानाकडे यादी पाठवली: अंडी, कॉर्नफ्लेक्स आणि मार्जरिन. टीव्ही आणि टेलिफोनची तार जोडून खरेदी करण्याची ती पद्धत मायकेल ऑल्ड्रिच या इंग्रज तंत्रज्ञानं १९७९ मध्ये बसवली होती. म्हणजे या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक आईसारखंच होतं. त्यामुळे एखादं ॲप आईला वापरता येतं की नाही, हा प्रश्न मी शेवटी उरलेला म्हणून पाहत नाही. तो पहिलाच आहे.

आपल्याकडे बिगबास्केट २०११ मध्ये बंगळुरूला सुरू झालं. तेव्हा आज यादी दिली की उद्याची वेळ मिळायची. २०१३ चं ग्रोफर्स २०२१ च्या डिसेंबरात ब्लिंकिट झालं, त्याच वर्षी मुंबईत झेप्टो आलं, स्विगीचं इन्स्टामार्ट २०२० पासून होतंच. तिथून मिनिटांची भाषा सुरू झाली. ही मिनिटं येतात कुठून, ते समजून घेतलं तर ॲप पारखणं सोपं जातं.

पोरगा गाडी भरधाव हाणतो म्हणून सामान लवकर येतं असं आपल्याला वाटतं. खरं कारण गोदामाची जागा. वस्तीपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत एक गाळा घेतात. त्यात गिऱ्हाईक शिरत नाही, पाटी लावण्याची गरज नसते. त्याला डार्क स्टोअर म्हणतात. आत मांडण्यांवर काही हजार जिन्नस असतात. मांडणी दुकानासारखी शोभेची नसते, जास्त खपणारा माल हाताशी ठेवलेला असतो. आपण यादी पक्की केली की आतल्या माणसाच्या हातातल्या यंत्रावर ती उमटते, तो दोन-तीन मिनिटांत पिशवी भरतो आणि दाराशी थांबलेल्या मुलाच्या हाती देतो. पुढचा रस्ता थोडाच उरतो.

यातून गिऱ्हाइकासाठी एक मोठी गोष्ट निघते. आपला वाणी म्हणजे ते ॲप नाही. आपला वाणी म्हणजे आपल्या घराजवळचं ते एक गोदाम. औंधची मैत्रीण एखाद्या ॲपची तारीफ करते तेव्हा ती तिच्या गोदामाची तारीफ करत असते. त्याच ॲपवर माझ्या पत्त्याला शेपू मिळत होता आणि आईच्या पत्त्याला नव्हता. भावही पत्त्याप्रमाणे बदलताना मी पाहिले. म्हणून देशभरच्या लाखो लोकांनी मिळून दिलेले चार-साडेचार तारे आपल्या फारसे कामाचे नाहीत. आपल्या पत्त्यावर, आपल्या यादीनं, निदान महिनाभर पाहायला हवं.

आता भाव. सगळ्यात जास्त वेळ माझा इथेच गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

ॲपवर प्रत्येक जिन्नसाशेजारी एक खोडलेला आकडा असतो आणि त्याखाली कमी झालेला भाव. खोडलेला आकडा बहुतेक वेळा छापील किंमत असते, म्हणजे एमआरपी. ती कायद्यानं घातलेली वरची मर्यादा आहे. तिच्याहून जास्त घेता येत नाही, कमी कितीही घेता येतं, आणि बाजारात पुष्कळ ठिकाणी कमीच घेतात. त्यामुळे एमआरपीवर किती सूट दिली यावरून स्वस्ताई कळत नाही. तुलना करायची तर ती आपल्या नाक्यावरच्या भावाशी करायला हवी. मी घरात नेहमी लागणारे दहा जिन्नस ठरवले: तूरडाळ, इंद्रायणी तांदूळ, शेंगदाणे, साखर, गूळ, जाडे पोहे, रवा, चहा, शेंगदाणा तेल आणि धुण्याची पावडर. एकाच संध्याकाळी तिन्ही ॲपवर हीच यादी भरली आणि पैसे देण्याच्या पानापर्यंत जाऊन थांबले. तिथला शेवटचा आकडा तेवढा लिहून घेतला. मग हेच एका मंगळवारी दुपारी केलं आणि एकदा भर पावसात संध्याकाळी सात वाजता. तीच यादी, तोच पत्ता, आणि शेवटचे आकडे निराळे.

निराळे का, तर जिन्नसांच्या भावावर इतर आकार चढतात. घरपोच देण्याचा आकार, हाताळणीचा आकार, यादी लहान असेल तर त्याचा, पाऊस असेल किंवा गर्दीची वेळ असेल तर त्याचाही. समजा, ३१२ रुपयांचं सामान घेतलं. त्यावर २५ रुपये घरपोच, १० हाताळणी आणि २० लहान यादीचे. एकूण ३६७. वरचे ५५ रुपये म्हणजे शेकडा साडेसतरा रुपयांहून थोडे जास्त. डाळीवर मिळालेली आठ रुपयांची सूट यात कुठे विरघळून गेली ते कळतही नाही. प्रत्येक आकार एकटा पाहिला तर लहान असतो, आणि त्या सेवेला खर्च आहे हेही खरं. कोणीतरी तीन जिने चढून येतो, त्याचे पैसे पडायलाच हवेत. माझा आक्षेप आकाराला नाही, तो शेवटच्या पानापर्यंत न दिसण्याला आहे.

या लपवाछपवीला आता सरकारी नाव आणि बंदी दोन्ही आहेत. हॅरी ब्रिग्नल या इंग्रज अभ्यासकानं २०१० मध्ये अशा फसव्या मांडणीला 'डार्क पॅटर्न' म्हटलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून असे तेरा प्रकार नोंदवले. थेंबाथेंबानं भाव सांगणं त्यात आहे. न विचारता टोपलीत काहीतरी टाकून ठेवणं आहे. देणगी किंवा टिपेच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते, ते यातलंच. 'फक्त दोनच उरले' असं खोटं सांगून घाई करायला लावणं आहे. नाही म्हणताना आपल्यालाच लाज वाटावी अशी शब्दयोजना आहे. जाहिरात आहे हे लपवून ती साध्या मालासारखी दाखवणंही आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. ॲप पारखताना ही तेरा कलमं पाठ असण्याची गरज नाही. पैसे देण्याआधीच्या पानावर प्रत्येक ओळ वाचायची आणि मी न मागितलेलं इथे काही आहे का, एवढं पाहायचं. तीनांपैकी एका ॲपवर मला तीन महिन्यांत असं काहीच सापडलं नाही. त्या ॲपचे भाव सर्वांत कमी नव्हते, पण माझा विश्वास तिथे बसायला सुरुवात झाली.

आणखी एक खाचखळगा पुड्याच्या वजनाचा आहे. पूर्वी बिस्किटं, चहा, डाळी, खाद्यतेल, मीठ, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू नेमून दिलेल्या वजनातच विकाव्या लागत. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत ती यादी होती. २०२१ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली आणि तिच्या जागी एकक किंमत छापण्याची अट आली. पुडा एक किलोपेक्षा लहान असेल तर दर ग्रॅमला किती, मोठा असेल तर दर किलोला किती, हे छापायचं. म्हणजे आता ४५० ग्रॅमचा, ८७० ग्रॅमचा, कसलाही पुडा येऊ शकतो, आणि आपल्याला दिशा दाखवायला ती एक ओळ उरली आहे. मोबाइलच्या पडद्यावर सगळे पुडे सारख्याच आकाराचे दिसतात. दुकानात हातात घेतल्यावर जो हलकेपणा जाणवतो, तो चित्रात जाणवत नाही. त्यामुळे जे ॲप एकक किंमत जिन्नसाच्या नावाखालीच, न शोधता दिसेल अशी देतं, त्याला मी वरचे गुण देते. जे चार ठिकाणी बोट दाबायला लावतं, त्याला नाही.

तेलाचं उदाहरण घरोघरी उपयोगी पडेल. तेल लिटरमध्ये विकतात, आणि तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंश सेल्सियसला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, तेच ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. पिशवीवर तापमान ६० अंश छापलं, की लिटर तेवढंच राहून आतलं तेल २६ ग्रॅमनं कमी होतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ऑगस्ट २०२२ मध्ये तेलवाल्यांना सांगितलं, की तापमानाचा उल्लेख न करता घनफळ आणि वजन दोन्ही छापा. तेल मागवताना मी ॲपवरचं पिशवीचं चित्र मोठं करून ग्रॅमचा आकडा पाहते. मागच्या बाजूचं चित्र जे ॲप देतच नाही, तिथून तेल घेत नाही.

शोधण्याच्या चौकटीबद्दल थोडं. किराण्यात नफ्याचं प्रमाण पातळ असतं, म्हणून या कंपन्या कमाईसाठी मालाच्या कंपन्यांकडून जाहिरातीही घेतात. 'शेंगदाणे' लिहिल्यावर वरती येणारे पहिले दोन-तीन पुडे पुष्कळदा पैसे भरून वर आलेले असतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. मी शोधलं की आधी एकक किमतीप्रमाणे क्रम लावता येतो का, ते पाहते. नसेल लावता येत तर निदान पाच-सहा नावं खाली सरकते.

आणि शोधायचं कोणत्या शब्दानं? ही परीक्षा मला आईमुळे सुचली. तिनं 'दोडका' लिहिलं, काही आलं नाही. 'तुरई' लिहिल्यावर आला. 'भगर' सापडली नाही, 'वरी'ही नाही, मी हिंदी नाव घातलं तेव्हा उपासाचं पीठ आलं. चाकवत, अंबाडी, तांदुळजा, घेवडा, बिरड्यासाठी वाल, आंबेमोहोर तांदूळ: ही नावं टाकून पाहा. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात धंदा करणाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा यायला हवी, आणि ती येत नसेल तर मला ते मोठं उणं वाटतं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं भाजीचं नाव विसरून दुसऱ्या भाषेतलं नाव आठवायचं, ही अपेक्षा चुकीची आहे. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे आणि रताळी या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात का, हेही मी पाहिलं. गोदाम आपल्या लोकांचं पंचांग जाणतं की नाही, ते त्या एका दिवशी कळतं.

माल हातात आल्यावर पहिली गोष्ट तारीख. इथे कायद्यात एक फट आहे, जी मला डायरी ठेवेपर्यंत माहीत नव्हती. पुड्यावर छापायची बहुतेक माहिती ई-कॉमर्स कंपनीनं पडद्यावरही द्यायची असते, पण मालाचा उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना आणि साल यांना त्यातून सूट आहे. कारण समजण्यासारखं आहे. गोदामातला प्रत्येक पुडा वेगळ्या दिवशीचा असतो. पण परिणाम असा, की दुकानात आपण पुडा उलटा करून जे आधी पाहतो, ते इथे पैसे दिल्यावर पाहायचं. ही फट बुजवण्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन अन्नपदार्थ विकणाऱ्यांना सांगितलं, की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याच्या एकूण टिकण्याच्या मुदतीपैकी निदान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत.

मी प्रत्येक पुड्याची तारीख डायरीत लिहिली. बहुतेक वेळा माल ताजा होता, हे सांगायलाच हवं. जो जिन्नस भराभर खपतो तो गोदामात जुना होत नाही. अडचण कमी खपणाऱ्या गोष्टींची. नाचणीचं पीठ, राजगिऱ्याच्या लाह्या, थालीपिठाची भाजणी. असल्या वस्तू मागवल्यावर आधी तारीख पाहायची सवय लावून घेतली.

भाजीचा काटा निराळा. कांदा-बटाटा वजनानं येतो आणि तिन्ही ठिकाणी वजन पुरतं भरलं, कधी पाच-दहा ग्रॅम जास्तच. पालेभाजी मात्र जुडीनं विकतात आणि शेजारी अंदाजे वजन लिहितात. आईनं मेथीच्या जुड्या जोखल्या. त्या आठवड्याला कमीजास्त होत होत्या, आणि पावसाळ्यात पाण्यानं जड झालेली जुडी निवडल्यावर निम्मी राहत होती. भाजीत आपण डोळा आणि बोट वापरतो: भेंडीचं टोक मोडून पाहतो, वांग्याचं देठ पाहतो. ते काम आपण आता गोदामातल्या एका अनोळखी हातावर सोपवलेलं आहे. तो हात घाईत असतो. म्हणून ॲपची भाजी पारखायची तर एकदाच उत्तम आली यावर जाऊ नये. चार आठवडे एकच भाजी, उदाहरणार्थ टोमॅटो, त्याच वेळी मागवावेत आणि किती टाकून द्यावे लागले ते लिहावं. टाकलेल्याची किंमत धरली की खरा भाव हाती येतो.

गोदाम आपल्याला दिसत नाही, पण त्याची तपासणी होते आणि ती बातमीही होते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं मुंबईत धारावीतल्या अशा एका गोदामाचा परवाना निलंबित केला. तिथे खाद्यपदार्थांवर बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल, न पाळलेलं शीतगृहाचं तापमान आणि मुदत संपलेला माल वेगळा न काढणं, असं आढळलं होतं. त्याच महिन्यात पुण्यात बालेवाडीतल्या एका गोदामावरही परवान्यावरून कारवाई झाली. या बातम्या वाचल्यापासून मी बिल उघडून पाहू लागले. बिलावर विक्रेता म्हणून पुष्कळदा ॲपचं नाव नसतंच, भलत्याच एखाद्या कंपनीचं असतं. कारण परदेशी भांडवल असलेल्या बाजारपेठ-कंपनीला स्वतःचा साठा करून विकता येत नाही. ती फक्त विक्रेता आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून देते. खरा वाणी तो विक्रेता. बिलावर त्याचं नाव, पत्ता आणि चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक असावा. आईला तो क्रमांक दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दुकानात टांगलेलं सर्टिफिकेट." तेच ते.

थंड मालासाठी एक साधी कसोटी आहे. पनीर किंवा दही आल्याबरोबर हात लावून पाहायचा. गार लागायला हवं. उन्हाळ्यात दुपारी मागवून पाहा. गोदामापासून दारापर्यंत गारवा टिकतो का, ते तेव्हाच कळतं.

आता तक्रार. आईच्या भाषेत, बदलून देतो का.

तिसऱ्याच आठवड्यात एका ॲपवरून आलेली शेपूची जुडी आतून काळी पडलेली निघाली. मी ॲपमध्ये 'मदत' उघडलं. समोर यंत्राशी गप्पा. त्यानं चार पर्याय दिले, त्यातला एकही लागू नव्हता. फोटो मागितला, दिला. थोड्या वेळानं उत्तर आलं, की पैसे ॲपच्या पाकिटात जमा केले आहेत. म्हणजे ते पैसे मला पुन्हा त्याच दुकानात खर्च करायचे. मी बँकेतून पैसे दिले होते, ते बँकेत परत हवे होते. ते मिळवायला आणखी दोन दिवस आणि एका माणसाशी बोलणं लागलं. माणसापर्यंत पोचायचा रस्ता पाचव्या पानावर होता. दुसऱ्या एका ॲपवर अंडी फुटलेली आली, तेव्हा पैसे कुठे परत हवेत हे त्यांनी आधी विचारलं आणि त्याच संध्याकाळी बँकेत जमा केले. दोन्ही चुका लहान होत्या. पण वाणी कसा आहे हे मला त्या दोन दिवसांत कळलं. त्याआधीच्या वीस बिनचूक पिशव्यांनी ते सांगितलं नव्हतं.

कमी वजनाची तक्रार करायची तर काट्यावर ठेवलेल्या मालाचा, आकडा दिसेल असा फोटो काढावा. पिशवीतून काही आलंच नसेल तर देणारा मुलगा समोर असतानाच यादी ताडून पाहावी. त्याच्याशी हुज्जत घालू नये. पिशवी त्यानं भरलेली नसते.

ॲपनं ऐकलं नाही तर पुढचा रस्ता आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क दाखवावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. सदोष किंवा उशिरा आलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. त्याहून पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. शेपूच्या जुडीसाठी कोणी आयोगात जाणार नाही, हे मलाही कळतं. पण तक्रार अधिकाऱ्याचं नाव ॲपमध्ये किती बोटांच्या अंतरावर आहे, ते नवं ॲप घेतल्या घेतल्या पाहून ठेवावं. शोधायला दहा मिनिटं लागली तर ती दहा मिनिटंही गुणांत धरावीत.

सामान आणून देणाऱ्या मुलांबद्दल आईचं मत ठाम आहे. पाऊस पडत असेल तर ती मागवतच नाही, आणि आला तर पाणी दिल्याशिवाय पाठवत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं अशा कामगारांची पहिल्यांदा कायद्यात व्याख्या केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. कंपन्यांनी त्यांच्या सुरक्षा निधीत वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम भरायची आहे. मला यातून एवढंच करता येतं, की उशीर झाला म्हणून मी त्या मुलाचे तारे कापत नाही. उशीर गोदामात झाला की रस्त्यात, ते मला दिसत नाही, आणि त्या ताऱ्यांवर त्याचं पुढचं काम अवलंबून असू शकतं.

तीन महिन्यांनी दोन्ही घरांचा रिवाज ठरला. महिन्याचा कोरडा किराणा, डाळ-तांदूळ-तेल-पोहे, आम्ही दुसऱ्या दिवशी सामान आणणाऱ्या ॲपवरून एकदम मागवतो; मोठ्या यादीला वरचा आकार कमी पडतो आणि पुडे मोठे असल्यानं किलोमागे भाव उतरतो. मिनिटांत येणारं ॲप फक्त अडीनडीला: पाहुणे आले आणि दूध नासलं तर. वार्षिक सभासदत्व घ्यायचं का, याचा हिशोब सोपा होता. गेल्या तीन महिन्यांत घरपोच आकार म्हणून खरोखर किती गेले ते डायरीतून काढलं, त्याची चौपट केली आणि वर्गणीशी ताडलं. आईच्या बाबतीत ती वर्गणी तोट्याची निघाली. माझ्या बाबतीत फायद्याची दिसत होती, पण मग लक्षात आलं, की घरपोच फुकट व्हावं म्हणून मी यादीत दर खेपेला एखादं बिस्किट किंवा फरसाण वाढवत होते. ते वजा केल्यावर फायदा उरला नाही. पालेभाजी आई आता सोसायटीच्या फाटकाशी येणाऱ्या हातगाडीवरूनच घेते. वरून पिशवी दोरीला बांधून सोडते आणि जुडी नीट पाहून द्यायला सांगते.

गेल्या रविवारी गेले तेव्हा ती फडताळातली जुनी वही घेऊन बसली होती. वाण्याच्या शेवटच्या सहीनंतरचं पान कोरं होतं. त्यावर तिनं फूटपट्टीनं रेघा मारून रकाने केले होते: तारीख, जिन्नस, लिहिलेलं वजन, भरलेलं वजन, मुदत, दिलेले पैसे. वरती ॲपचं नाव नव्हतं. बिलावरून उतरवून घेतलेलं विक्रेत्याचं नाव होतं, आणि त्याखाली तो चौदा आकडी क्रमांक. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'पनीर — आंबूस. कळवलं. पैसे बँकेत आले, त्याच दिवशी.' तिनं त्या ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि काटा माझ्याकडे सरकवला. तूरडाळ जोखायची राहिली होती.